परातीचं स्टिअरिंग

पितळी परात हातात धरून गाडी चालवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शमुवेलकाका. राहात्यात सगळे त्यांना शामूकाका म्हणायचे. पूर्ण शमुवेल ते फक्त चर्चच्या वहीत आणि बायकोच्या रागात असायचे.

मी त्यांच्याकडे गाडी शिकायला गेले तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. माझी शाळा घरापासून चौदा किलोमीटरवर, आणि स्कूटीवरून जाऊन जाऊन पाठीचा पार खुळखुळा झाला होता. नवऱ्याने जुनी गाडी विकत घेतली आणि मोठ्या हौसेने मला शिकवायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी आमचं बोलणं बंद झालं. संसार टिकवायचा तर बाहेरचा मास्तर बरा, असं ठरवून मी संजयच्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं.

पहिल्या दिवशी केस घट्ट बांधून, नवा गॉगल लावून हजर झाले. संजय म्हणाला, "मॅडम, पहिले चार दिवस काकांच्या घरी जायचं. गाडी नंतर." मला वाटलं, काकांच्या दारात वेगळी गाडी असेल. दारात जास्वंदीची कुंडी होती, एक कोंबडी होती, आणि ओट्यावर प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. साठीच्या घरातला, काळासावळा, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला एक माणूस त्यातल्या एकीवर बसला होता. त्याने मला नीट पाहून घेतलं आणि घरात आवाज दिला, "रूथ, बाईंना परात दे."

रूथमावशींनी परात आणली. तिच्या काठाला सकाळची कणीक वाळून चिकटलेली होती.

"धरा," काका म्हणाले. "घड्याळात दहा वाजून दहा मिन्टं झाली की काटे जिथं असत्यात, तिथं हात."

"पण गाडी कुठाय?"

"हीच की! गॉगल काढा आन् डोळे झाका. इंजिन चालू हाय, गाडी न्यूट्रलला हाय. कुटं जायचं न्हाई. नुसता श्वास ऐका."

शाळेत मी रोज पोरांना प्रार्थनेला डोळे मिटायला सांगते आणि स्वतः मात्र कोण हसतंय ते बघत फिरते. स्वतः डोळे मिटून गप्प बसायची वेळ बहुधा पहिल्यांदाच आली होती. कोंबडी ऐकू आली, शेजारचा मिक्सर ऐकू आला, मग बऱ्याच वेळाने माझा श्वास. तो चांगलाच धापा टाकत होता.

"हां. आता राहात्यातनं शिर्डीला चला. काय दिसतंय ते बोलत बोलत."

मी निघाले आणि दोन मिनिटांत म्हणाले, "आली शिर्डी."

"बाई, तुमी विमानानं गेला काय? वाटंत एक स्पीडब्रेकर न्हाई, एक मानूस न्हाई, एक कुत्रं न्हाई. परत राहात्यातनं निगा."

दुसऱ्या फेरीत मी स्पीडब्रेकर घेतले, पेरूच्या गाड्यावाल्याला वाचवलं आणि मध्येच थांबले. समोरून उसाचे दोन ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर येत होता. परातीवरचे माझे हात घामेजले. काकांनी विचारलं तसं मी खरं ते सांगितलं, की मला भीती वाटते.

"वाटू द्या की. ट्रेलरला डोळ्यांपुढनं हाकलू नका, नीट बघा त्याच्याकडं. मागं लाल फडकं बांधलंय का? ड्रायव्हरनं मफलर कसा गुंडाळलाय? ऊस किती बाहेर आलाय?"

मी बघितलं. मफलर हिरवा होता. तेवढ्यात ट्रेलर शेजारून निघून गेला आणि मी ओट्यावरच्या खुर्चीत मोठ्याने हसले. मावशी बघायला बाहेर आल्या. परात परत हवी होती त्यांना, स्वयंपाक खोळंबला होता.

हे काकांना कुठल्या शिबिरात शिकवलेलं नव्हतं. विशीत ते एका ट्रकवर क्लीनर होते. त्यांचा उस्ताद मोठा खडूस, दोन वर्षं स्टिअरिंगला बोट लावू देईना. मग हे शेजारी बसून उस्तादाचे हातपाय बघायचे, आणि ढाब्यावर जेवण झालं की रिकामं ताट हातात धरून, डोळे मिटून अख्खा रस्ता पुन्हा चालवायचे. बाकीचे क्लीनर हसायचे. एकदा उस्ताद तापाने फणफणला आणि ट्रक यांच्या हातात आला. यांनी तो सुप्यापासून नगरपर्यंत असा आणला, की उस्तादाची झोपसुद्धा मोडली नाही. "म्हणजे पहिल्याच खेपेला?" असं मी म्हटलं, तर काका दुखावल्यासारखे झाले. "पयली कुटं? माजी तवर हजार येळा झाल्ती ती खेप."

ही सवय इतकी मुरली होती, की कुठेही डोळे मिटले की त्यांची गाडी सुरू व्हायची. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांची प्रार्थना लांबली, की काकांचे हात मांडीवर हळूहळू डावी-उजवीकडे वळायला लागायचे. मावशी कोपराने ढोसायच्या. एकदा 'आमेन' झालं तेव्हा काकांनी उजवा पाय इतका दाबला, की पुढच्या बाकाखालचा पाण्याचा तांब्या कलंडला. मावशी हे सांगताना हसून हसून पदर तोंडाला लावायच्या, आणि काका म्हणायचे, "देवाला ठावं हाय मी कुटं असतो ते."

पाचव्या दिवशी मी खऱ्या गाडीत बसले आणि चौकातच ती बंद पाडली. मागे गाड्यांची रांग लागली. मी नेहमीच्या सवयीने स्वतःला झापलं, "मूर्ख आहेस तू. अगदी मूर्ख!"

काकांनी शांतपणे चावी फिरवून काढूनच घेतली. "ह्ये कुनाला म्हनालात?"

"मला."

"आता मागं त्यो टेम्पोवाला हॉर्न मारतोय. त्याच्या हॉर्ननं आपली गाडी लवकर चालू हुनार हाय का?"

"नाही."

"मग तुमी बी सोताच्या मागं उभं राहून हॉर्न मारू नका. बंद पडली, तर बंद पडली म्हनायचं. न्यूट्रल, क्लच, चावी. बास."

ऐकायला सोपं वाटतं. त्या दिवशी मी मोजायला लागले आणि दुपारपर्यंतच मोजणं सोडून दिलं, इतक्या वेळा मी स्वतःला हॉर्न मारत होते. दूध उतू गेलं, हॉर्न. चष्मा सापडेना, हॉर्न. शाळेत एका मुलीचा सात अठ्ठे चुकला आणि तिने लगेच कपाळावर हात मारून घेतला, अगदी माझ्यासारखा. ते बघून मला फार वाईट वाटलं. बेचाळीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते दहावी नापास झालेल्या ड्रायव्हरने, भर चौकात, चावी काढून.

पण एवढ्या शहाण्या माणसाचं एक विचित्र होतं. ते रिव्हर्स शिकवत नसत.

तो धडा आला, की काका गाडीतून उतरायचे, संजयला हाक मारायचे आणि चहाच्या टपरीवर गाडीकडे पाठ करून उभे राहायचे. संजय बिचारा घाईघाईत शिकवायचा, पण त्यात काकांची सर नव्हती. परिणाम असा झाला, की काकांचे सगळे शिष्य पुढे जाण्यात पटाईत आणि मागे येण्यात ढ. आठवडे बाजाराच्या दिवशी भिंतीत नाक खुपसून उभी असलेली गाडी दिसली, की लोक ओळखायचे, ही शामूकाकांची. मी स्वतः पहिल्या टेस्टला रिव्हर्समध्येच नापास झाले आणि दुसऱ्या वेळी कशीबशी सुटले.

लायसन्सचे पेढे द्यायला मी सकाळीच त्यांच्या घरी गेले. काका ओट्यावर परात धरून बसले होते, डोळे मिटलेले. मी आत गेले. मावशी पीठ चाळून बसल्या होत्या.

"बसा बाई. परात आली, की कनीक मळते. आता यायचीच येळ झाली."

"रोज चालवतात?"

"नऊ वर्सं झाली. रोज त्योच रस्ता आन् रोज एकाच जागी थांबत्यात. मला हितं बसून कळतं, श्वास बदलतो त्यांचा." मावशींनी चाळणी बाजूला ठेवली आणि मला सगळं सांगितलं.

काका तेव्हा एका खासगी डेअरीचा टँकर चालवत. वीसेक किलोमीटरवरच्या एका गावात दूध संकलन केंद्र होतं. रोज सकाळी टँकर फाटकातून मागे घेत दूध भरायच्या धक्क्याला लावायचा, क्लीनरने खाली उतरून मागून आवाज द्यायचा, हा शिरस्ता. त्या दिवशी क्लीनर बहिणीच्या लग्नाला गेला होता. दहा वर्षांचं रोजचं आवार, काकांना ते डोळे मिटूनसुद्धा दिसायचं. त्यांनी उतरून पाहिलं नाही. धक्क्यापाशी किसन नावाचा केंद्रावरचा माणूस पाठमोरा बसून कॅन धूत होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पोलीस, कोर्ट, जे व्हायचं ते झालं. लायसन्स जप्त झालं आणि काही महिन्यांनी परतही मिळालं. टँकर मात्र काकांनी पुन्हा हातात घेतला नाही.

काका आत आले. परात मावशींपुढे ठेवली आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय ते कळलं. माझ्यातली मास्तरीण गप्प बसेना. मी विचारलं, "काका, मनातल्या मनात तरी क्लीनरला खाली उतरवा ना. म्हणजे तो आवाज देईल आणि पुढचं काही होणारच नाही."

काका पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "आसं झालं नव्हतं बाई! खोटी गाडी मी चालवत न्हाई." मग खुर्ची ओढून बसले. "आन् खरं सांगू का? त्या दिवशी मी डोक्यातल्या आवारात टँकर मागं घेतला. डोळे उघडे हुते, पन बघत हुतो डोक्यातलं. तिथं किसन नव्हता. आजून बी नसतो. रोज फाटकापतुर जातो, त्याला तिथं बसवायला बघतो. पाठ दिसती, दहा वर्सं बघितलेलं तोंड येत न्हाई. त्यो हितं हाय म्हनून कळल्याबिगर मागं कसा येऊ?"

"तुम्ही त्यांना नंतर भेटलात?"

काकांनी मान हलवली. नाही.

"आमची पोरं नीट न बघितलेल्या माणसाचं चित्र काढतात तेव्हा नुसती पाठच काढतात," मी म्हणाले. "बघून या ना काका एकदा."

 काकांनी फक्त पेढा खाल्ला.

महिन्याभराने एका रविवारी, उपासना आटोपून, दोघं माझ्या दारात उभे. काकांच्या अंगावर इस्त्रीचे पांढरे कपडे, मावशींच्या हातात पेरूंची पिशवी. काय न्यावं ते सुचेना म्हणून पेरू घेतले, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. काका म्हणाले, "बाई, गाडी काडा. तुमी चालवा. आज माजे हात माज्या भरवशाचे न्हाईत."

 वाटेत मी दोनदा चुकीचा गिअर टाकला आणि एकदाही स्वतःला शिवी दिली नाही. केंद्राचं फाटक अरुंद होतं, उजवीकडे भिंत, डावीकडे विजेचा खांब. मी काकांची शिष्या. सरळ नाक खुपसून आत घातली.

धक्क्यावर दुधाचं माप घेत एक पन्नाशीचा माणूस उभा होता. पँट, दोन्ही पायांत बूट, हातात काठी. काका गाडीतून उतरले आणि चार पावलांवर थांबले.

"किसन, मी शमुवेल."

"वळखलं," तो म्हणाला. "केस पांढरं झालं तरी वळखलं."

"त्या दिशी क्लीनर नव्हता. मी उतरून बघायला पायजे हुतं. म्या बघितलं न्हाई. चूक माजी हुती."

"व्हय," किसन म्हणाला. "तुमचीच हुती."

 मला वाटलं, कशाला मी या माणसाला इथे यायला सांगितलं.

"पायाचा राग दोन-तीन वर्सं हुता," किसन पुढे म्हणाला. "मंग कामाला लागलो, पोरींची लग्नं केली, निवून गेला त्यो राग. पन तुमी आला न्हाईत शामूभाऊ, त्याचा आजून हाय. दवाखान्यात मी दाराकडं बगत पडायचो. दहा वर्सं रोज माज्या हातचा चा पिलेला मानूस. म्हनलं, आज येईल, उद्या येईल."

"लाज वाटली रं."

"मला बी कोनतरी पायजे हुतं की."

काकांना उभं राहवेना. ते धक्क्याच्या कडेला खाली बसले आणि रडले, मोठा माणूस रडतो तसे, आवाज दाबत. किसन काठी टेकत त्यांच्याशेजारी जाऊन बसला. मग चहा आला. मावशींनी पेरू चिरले. काका सारखे किसनच्या तोंडाकडे बघत होते. त्याच्या भुवया, त्याचा एक पुढचा अर्धा दात, कानावरचे केस. हिरवा मफलर मी जसा बघितला होता, तसं ते बघत होते.

निघताना काकांनी विचारलं, "त्या दिशी कुटं बसला हुतास?"

असं कुणी विचारतं का, असं मला वाटलं. किसनने मात्र वाईट वाटून घेतलं नाही. तो गेला, धक्क्याच्या कोपऱ्यापाशी काठीच्या आधाराने खाली बसला, उजवा कृत्रिम पाय सरळ पसरला आणि मान वळवून म्हणाला, "हितं. आसा. पाट तुमच्याकडं हुती." काकांनी मान डोलावली. मग हात देऊन त्याला उठवलं.

आणि आता पंचाईत झाली. गाडी बाहेर काढायची तर रिव्हर्स. मी तीनदा प्रयत्न केला. एकदा भिंतीकडे गेले, एकदा खांबाकडे आणि एकदा इंजिन बंद पाडलं. "मू..." एवढं तोंडातून निघालं, बाकीचं मी गिळलं. मग गाडीतून उतरून चावी पुढे केली. "काका, मला नाही येत. तुम्ही मला शिकवलंच नाही."

काका चावीकडे बघत राहिले.  किसन काठी टेकत फाटकाबाहेर गेला, गाडीच्या बरोबर मागे, रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "या शामूभाऊ. मी हाय मागं."

काका चावी घेऊन गाडीत बसले. डोळे मिटले. मला धडकी भरली, पण ते न्यूट्रलला होते, श्वास ऐकत होते. मग डोळे उघडले, मान पार मागे वळवली आणि गाडी हलली.

"येऊ द्या," किसनचा आवाज. "येऊ द्या, येऊ द्या. जरा डाव्या अंगाला. हां, आता सरळ. येऊ द्या." गाडी खांबाजवळून इंचाइंचाने मागे सरकत फाटकाबाहेर पडली, आणि किसनने डिकीवर दोन थापा मारल्या. "बास!"

काकांचे हात दहा वाजून दहा मिनिटांवर तसेच घट्ट होते. खिडकीतून त्यांनी बायकोकडे पाहिलं. "रूथ," ते म्हणाले, "किसन हुता मागं."

त्यानंतर त्यांनी मला रिव्हर्स शिकवला, आधी परातीवर आणि मग गाडीत. आता मी शाळेच्या बोळात गाडी उलटी लावते, तेव्हा मुख्याध्यापकसुद्धा खिडकीतून बघतात.

गेल्या वर्षी काका आणि मावशी संगमनेरला लेकीकडे राहायला गेले. जायच्या सकाळी मी निरोप द्यायला गेले. सगळं सामान टेम्पोत चढलं होतं, जास्वंदीची कुंडीसुद्धा. ओट्यावर एकच खुर्ची उरली होती. तिच्यावर काका बसले होते, हातात परात, डोळे मिटलेले आणि मान खांद्यावरून पार मागे वळलेली. मावशी दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"हल्ली लई येळ लागतो बाई," त्या मला म्हणाल्या. "आदी नुसतं जायचे. आता परत बी येत्यात." आणि टेम्पोवाल्याला हाताने थांबायची खूण करत त्यांनी नवऱ्याला आवाज दिला, "येऊ द्या, येऊ द्या!"